लॅपटॉपमध्ये राहिलेले नाव

आमच्या घरचे गॅस सिलिंडर मुलाच्या मोबाइल क्रमांकावर नोंदवलेले आहे. विजेचे बिलही त्याच क्रमांकावर येते. तो गेल्यानंतर हे सगळे बदलून घ्यायचे ठरले होते, झाले नाही. त्यामुळे त्याचा फोन चालू राहिला. स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारच्या प्लगला तो लावलेला असतो. रिचार्ज पत्नी करते.

मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना डेंग्यूने गेला. पावसाळा संपत आला होता आणि आमच्या भागात घरोघर ताप होता. माझी सगळी नोकरी एका दैनिकाच्या डेस्कवर गेली. निधनाच्या बातम्या रोज हाताखालून जायच्या. त्यांचा साचा ठरलेला असतो. मुलाची बातमी मीच लिहिली. ‘पश्चात’ या शब्दापर्यंत सगळे नेहमीप्रमाणे झाले. पुढे मुले, सुना, नातवंडे असतात, ती गाळावी लागली.

दोन वर्षांनी मुलगी त्याच कॉलेजात, त्याच शाखेच्या तिसऱ्या वर्षाला पोहोचली. त्याचा लॅपटॉप ती वापरू लागली होती. नवा घेऊ म्हटले तर तिने नको सांगितले. त्याच्या झाकणावर एका कोपऱ्यात स्टिकर काढल्याची चिकट खूण होती. तिला धूळ बसायची आणि ती रोज बोटाने पुसायची. याखेरीज त्या लॅपटॉपबद्दल घरात बोलणे होत नसे.

त्या वर्षी थंडी ओसरताना तिने सांगितले की तिला एका कार्यक्रमासाठी अर्ज करायचा आहे. जेवताना तिने मला समजावले. काही सॉफ्टवेअर अशी असतात की त्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो. कोणीही तो वाचावा, कोणीही बदल सुचवावा. प्रकल्पाची देखभाल करणारी माणसे तो बदल तपासतात आणि पटला तर आत घेतात. याला ओपन सोर्स म्हणतात. बहुतेक लोक हे काम फुकट करतात. या कार्यक्रमात मात्र निवडलेल्या विद्यार्थ्याला एक मेंटॉर मिळतो. तीन महिने त्याच्या देखरेखीखाली काम करायचे आणि त्याचे मानधन मिळते. अट अशी की अर्जाआधी त्या प्रकल्पात थोडेफार काम करून दाखवलेले पाहिजे.

‘म्हणजे आधी काम, मग अर्ज,’ मी म्हणालो. आमच्याकडे शिकाऊ पत्रकार घेताना हीच पद्धत होती.

पत्नीने मानधन विचारले. मुलीने सांगितले. पत्नीने तव्यावरची पोळी उलटली.

‘बाबांना एवढा पगार कधी नव्हता.’

‘आई, ते डॉलरमध्ये आहे.’

‘तेच म्हणतेय.’

मुलीला मानधनापेक्षा दुसरे काही हवे होते. त्या वर्षी कॉलेजात नोकऱ्या द्यायला आलेल्या कंपन्या थोड्या होत्या, आणि ज्या होत्या त्या पुण्याच्या. तिच्या वर्गातल्या बहुतेकांनी त्यांचे अर्ज भरले. तिने एकही भरला नाही. आईला सोडून जाणार नाही, असे ती कधी बोलली नाही. पण या कार्यक्रमातून गेलेल्या मुलांना परदेशातल्या कंपन्या घरी बसून काम देतात, हे तिने दोनदा सांगितले. नाशिकमध्ये राहून नोकरी करायची तर तिच्यापुढे हा एकच रस्ता होता. आम्हा दोघांना ते समजले होते आणि कोणी त्यावर चर्चा केली नाही.

तिने निवडलेला प्रकल्प अंधांसाठीचा होता. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर. भाऊ त्यात काम करत असे, ही माहिती आम्हाला तेव्हा तिच्याकडून मिळाली. मराठी आकडे त्या यंत्राला शिकवण्याचे काम त्याने घेतले होते. मराठीत शंभरपर्यंतचा प्रत्येक आकडा वेगळा शिकवावा लागतो, एक नियम लावून भागत नाही. त्याने साठपर्यंत शिकवले होते. एका संध्याकाळी तिने ते आम्हाला ऐकवले. यंत्राचा सपाट आवाज अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ म्हणत आला आणि पुढे इकसठ, बासठ, तिरसठ असे हिंदीत मोजू लागला. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नव्वदच्या आसपास ती आत गेली.

उरलेले आकडे मुलीने घातले. मग तारखा, मग रुपये-पैसे, मग घड्याळाची वेळ. वेळेने तिला दमवले. यंत्र दीडला ‘साडेएक’ आणि अडीचला ‘साडेदोन’ म्हणायचे. तिची देवळा गावची मैत्रीण तेव्हा बहुतेक दिवस आमच्याकडेच असायची. वडील कांद्याचे व्यापारी, राहायला कॉलेजचे हॉस्टेल, आणि हॉस्टेलचे वायफाय चालत नाही ही तिची कायमची तक्रार. तिनेही त्याच कार्यक्रमासाठी अर्ज करायचे ठरवले होते. तिचा प्रकल्प नकाशांचा होता.

‘काकू, साडेएक वाजले. भूक लागली,’ असे म्हणत ती रविवारी स्वयंपाकघरात शिरायची.

‘तुझ्या नकाशात हॉस्टेलची मेस सापडत नाही का?’ पत्नी विचारायची आणि ताट वाढायची.

मुलीचे बदल तपासणाऱ्या बाई युरोपातल्या एका लहान गावात राहत. त्या स्वतः दृष्टिहीन होत्या. प्रकल्पाचे सगळे काम त्या ऐकून करत. कोणता बदल आला, तो कोणाचा, त्यात काय आहे, हे यंत्र त्यांना वाचून दाखवी. मुलीच्या पहिल्याच बदलाखाली त्यांनी लिहिले होते की पुन्हा भेटून आनंद झाला. परदेशी लोकांची बोलण्याची पद्धत असेल, असे मुलीला वाटले. तिने आभार मानले आणि पुढचे काम पाठवले. एकेक करून तिचे सगळे बदल स्वीकारले गेले.

अर्जाची मुदत संपायला आठवडाही उरला नव्हता. दुपारी दोघी हॉलमध्ये बसून एकमेकींचे अर्ज तपासत होत्या. मी खिडकीपाशी एका प्रकाशकाची प्रुफे वाचत होतो. मुलगी उठून आत गेली. मैत्रीण तिच्या लॅपटॉपवर काहीतरी शोधत होती.

‘अगं, तू कुठंयस?’

‘इथंच. चहा ठेवतेय.’

‘इथं नाय. पडद्यावर. काम केलेल्यांच्या नावांत तुझं नाव नाय दिसत.’

‘खाली बघ. नवीन लोक खाली असतात.’

‘पार खालपर्यंत गेले. तुझं आडनाव हाय, पण त्याच्या पुढं...’ ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, ‘काका, जरा इकडं या.’

पडद्यावर मुलाचे नाव होते. त्यापुढे त्याच्या कामाची नोंद होती. दोन वर्षांपूर्वीचा एक लहान पट्टा, मग मोठा कोरा भाग, आणि मग गेल्या महिन्यापासून पुन्हा काम. तारखा ताज्या होत्या. शेवटची परवाची होती.

मुलगी हातात चिमटा घेऊन बाहेर आली. तिने पडदा पाहिला आणि खुर्चीत बसली. चूक कशी झाली हे तिला पाहताक्षणी कळले होते. मला मैत्रिणीने समजावले. कोणीही बदल पाठवला की त्यावर त्याचे नाव आणि ई-मेलचा पत्ता आपोआप उमटतो. ही मुले त्याला कमिट म्हणतात. ते नाव लॅपटॉपवर पहिल्यांदा काम सुरू करताना एकदाच भरायचे असते. पुन्हा ते कोणी विचारत नाही. नवा लॅपटॉप घेणारा भरतो. दुसऱ्याचा वापरणारा विसरतो. मुलीने त्या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर स्वतःचे खाते उघडले होते, तिथे तिचेच नाव होते. पण कामावर उमटत होते ते लॅपटॉपमधले नाव.

‘कॉलेजात निम्म्या पोरांचं असंच होतं,’ मैत्रीण म्हणाली. ‘सिनियरचा लॅपटॉप घ्यायचा आन् वर्षभर सिनियरच्या नावानं राबायचं.’ मग मुलीकडे वळून तिने तिला हसवायचा प्रयत्न केला. ‘माझा बाप गोणीवर मार्का टाकल्याबिगर गाडीत माल चढवू देत नाय. आन् तू एवढा माल बिनबोभाट दुसऱ्याच्या मार्क्यानं पाठवला, बाई.’

मुलगी हसली नाही. ‘अर्ज माझ्या नावानं आहे,’ ती म्हणाली. ‘मी त्यात लिहिलंय की हे सगळं काम माझं. ते तपासतील आणि त्यांना हे दिसेल.’

दुसऱ्याचे काम स्वतःचे म्हणून दाखवले तर अर्ज बाद होतो, हा नियम कार्यक्रमाच्या माहितीत अगदी वरच होता. तो मीही वाचला होता.

पत्नी संध्याकाळी टपाल कार्यालयातल्या नोकरीवरून आली. मुलीने तिला सगळे सांगितले. पत्नीने पर्स ठेवली. ती पाणी प्यायली आणि स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात मुलाचा फोन होता.

‘हे येतायत,’ ती म्हणाली.

प्रत्येक बदल स्वीकारला की करणाऱ्याला आभाराचा मेल आपोआप जातो, अशी त्या प्रकल्पाची पद्धत होती. ते सगळे मेल मुलाच्या पत्त्यावर आले होते. वर त्याचे नाव, खाली दोन ओळी. तुमच्या कामामुळे हे सॉफ्टवेअर अधिक चांगले झाले. पत्नीने एकही पुसला नव्हता.

‘तुला माहीत होतं?’ मुलीने विचारले.

‘तू काम करतेस तेव्हा फोन वाजतो, हे कळलं होतं.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘मला वाटलं, तू मुद्दाम त्याच्या नावानं करतेयस.’

‘मुद्दाम कशाला...’ मुलगी म्हणाली.

आभारांच्या त्या मेलांमध्ये एक वेगळा होता. तो त्या बाईंचा होता, स्वतः लिहिलेला. मी तो दोनदा वाचला. त्यांनी लिहिले होते की खाते नवे असले तरी नाव ऐकल्याबरोबर तुम्हाला ओळखले. मधे तुमच्याकडून काहीच आले नाही, तेव्हा काळजी वाटत होती. तुम्ही परत आलात, फार बरे वाटले. घरी सगळे ठीक आहे ना?

त्याच्याखाली उत्तर होते. मुलाच्या पत्त्यावरून गेलेले, तीन आठवड्यांपूर्वीचे. घरी सगळे ठीक आहे. आभारी आहे.

मैत्रीण माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती एक पाऊल मागे सरकली.

‘हे कोणी पाठवलं?’ मुलीने विचारले, पण तिची नजर आईवरच होती.

‘त्यांनी घरचं विचारलं होतं,’ पत्नी म्हणाली. ‘कोणीतरी उत्तर द्यायला नको?’

पत्नीनेच पुढे बोलणे चालू केले. तिचा आवाज काउंटरवर असतो तसा होता. ‘आमच्याकडे अशा माणसाचं पत्र आलं तर पोस्टमन मयत असा शेरा मारतो. मी ते पाठवणाऱ्याकडे परत लावते. आजवर कितीतरी लावली. हे कसं परत लावतात ते मला माहीत नाही.’

मुलीपुढची अडचण आता वाढली होती. तिला असे सांगायचे होते की हे नाव माझ्या भावाचे आहे आणि तो दोन वर्षांपूर्वी वारला, म्हणून गेल्या महिन्याचे काम त्याचे असू शकत नाही. पण त्या बाईंच्या हाती त्याच भावाचा याच महिन्यातला मेल होता.

मैत्रिणीने एक उपाय काढला. प्रकल्पात नावांची एक फाइल असते. लोक नाव बदलतात, पत्ता बदलतात, त्यासाठी ती ठेवलेली असते. तिच्यात एक ओळ घातली की जुन्या नावाचे सगळे काम नव्या नावावर दिसू लागते.

‘एक ओळ टाक, सगळं तुझ्या नावावर येतंय. खरं सांगायची पण गरज नाय. नाव बदललं म्हणायचं.’

‘सगळं म्हणजे?’ पत्नीने विचारले. ‘त्याचं पण?’

मैत्रीण घुटमळली. ‘नाव तेच, मेल तोच. यंत्राला कसं कळणार काकू, कुठवर दादाचं आन् कुठून हिचं.’

‘म्हणजे त्याचे साठ आकडे हिचे होणार.’

‘हां.’

‘मग राहू द्या. हिचंही त्याच्याच नावावर राहू दे.’

‘आणि मी काय करू, आई?’

‘तू नवीन कर. तुला येतं.’ पत्नी फोनकडे पाहत म्हणाली. ‘त्याला आता येणार नाही.’

मुलगी उठून गॅलरीत गेली. खाली कोणीतरी गाडी धूत होते. पाईपच्या पाण्याचा आवाज वर येत होता. मैत्रीण आपली सॅक उचलून हॉस्टेलला जायला निघाली, दारात थांबली आणि मला म्हणाली, ‘काका, चार दिवसांत ती नवीन किती करंल? आन् केलं तरी जुन्याचं विचारणारच ना ते.’

वर्तमानपत्रात एकाची बातमी दुसऱ्याच्या नावाने छापली गेली तर दुसऱ्या दिवशी खुलासा देतात. कालचा अंक कोणी परत मागवत नाही. तो ज्यांच्या घरी गेला तिथे चुकीच्याच नावाने राहतो. मी गॅलरीत जाऊन मुलीला एवढेच सांगितले. ती बराच वेळ कठड्याला टेकून उभी होती.

‘दादाचं दादाचंच राहू दे,’ ती म्हणाली. ‘माझं त्याच्या नावावर राहिलं तरी चालेल. पण मी चोरी केली असं तिथं कोणी म्हणायला नको.’

‘मग खरं लिहावं लागेल.’

‘बाबा, तिथं कोणालाच माहीत नाही. त्यांच्यासाठी तो आहे अजून.’

तिने आत येऊन मसुदा लिहायला घेतला. इंग्रजीत लिहिला आणि माझ्याकडे तपासायला दिला. पहिल्या ओळीत तिने ‘माय ब्रदर इज नो मोअर’ असे लिहिले होते. मी ते काढायला सांगितले. डेस्कवर आम्ही ‘काळाच्या पडद्याआड’, ‘अनंतात विलीन’ असले सगळे काढून ‘निधन’ लिहीत असू, कारण वाचणाऱ्याला शंका राहता कामा नये. तिने ‘डाइड’ लिहिले. तारीख घातली. मग लॅपटॉप त्याचा, चूक कशी झाली, कोणत्या तारखेपर्यंतचे काम त्याचे आणि कोणत्या तारखेपासूनचे तिचे. सात ओळींत सगळे बसले.

मेलविषयीचे वाक्य राहिले होते. मुलीने आईकडे पाहिले.

‘ते मी लिहिते,’ पत्नी म्हणाली.

तिने स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या पत्त्यावरून लिहिले. इंग्रजी लिहिताना ती प्रत्येक शब्द आधी ओठांनी म्हणते. मी तिची आई आहे. त्याचीही. घरी सगळे ठीक आहे असे मी लिहिले होते. ते खोटे होते. मला तपासायला दिले नाही. पाठवल्यावर दाखवले.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आले. बाईंनी लिहिले की त्यांना या बातमीने फार दुःख झाले. त्यांनी दोघांचेही काम ऐकले, पण यंत्राने एकच नाव वाचले, म्हणून त्यांना एकच माणूस वाटला. मुलीवर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. मात्र निवड कार्यक्रमाच्या कार्यालयाकडून होते आणि त्या कार्यालयाला मृत्यूचा कागद लागेल. नावांच्या फाइलीत ती एक ओळ घालायची असेल तर त्या स्वतः घालतील. कार्यालयाच्या दृष्टीने तेच सोपे पडेल. मुलीने आभार मानून ओळ नको म्हणून कळवले.

महापालिकेचा दाखला माझ्या कपाटात होता. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत असतो. मी तो स्कॅन करून आणला. अर्जाला गुणपत्रिका, कॉलेजचे ओळखपत्र आणि भावाच्या मृत्यूचा दाखला अशी तीन जोडपत्रे झाली. मुदतीच्या आदल्या दिवशी अर्ज गेला. त्याआधी तिने लॅपटॉपमधले नाव बदलले आणि अडीच वाजण्याची राहिलेली दुरुस्ती स्वतःच्या नावाने पाठवली. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातला फोन वाजला नाही. पत्नीने तो प्लगला नीट लागलाय ना, हे एकदा पाहिले.

निकाल मे महिन्यात लागला. मुलगी निवडली गेली. मैत्रिणीची निवड झाली नाही. ती पेढे घेऊन आली, स्वतःच आणलेले.

‘माझा नकाशा देवळ्याच्या पुढं गेलाच नाय,’ ती म्हणाली. ‘आता सुट्टीभर बापाच्या खळ्यावर बसून कांदे मोजते. काकू, साडेएक वाजता फोन करत जाईन.’

पत्नीने तिला जेवायला थांबवून घेतले. जेवताना तिच्या आईचा फोन आला. ती अहिराणीत बोलू लागली, ‘हाऊ, इकडेच शे, जेवी राहिनू,’ आणि बोलता बोलता तिने पाठ फिरवून डोळे पुसले.

निवडीनंतर लगेच त्या बाईंनी मुलीकडे एक परवानगी मागितली. प्रकल्पात काम केलेल्या कोणाचे निधन झाले तर त्याची बातमी प्रकल्पाच्या पानावर द्यायची, असा त्यांचा प्रघात होता. देऊ का? मुलीने आम्हाला विचारले. मी हो म्हणालो. पत्नी म्हणाली, ‘आता लपवायचं काय राहिलंय.’

बातमी साधी होती. त्याने काय काम केले, ते आज कुठे वापरले जाते, आणि ते पुढे त्याची बहीण करते आहे. सांत्वनाचे मेल बहिणीच्या पत्त्यावर पाठवावेत, असे खाली लिहिले होते.

ते येऊ लागले. ज्या देशांच्या बातम्या मी आयुष्यभर आतल्या पानावर लावल्या, तिथून येऊ लागले. एक केरळातून, एक बंगळूरहून, बाकीचे लांबचे. प्रत्येकाला ही बातमी आजची होती. कोणी लिहिले, विश्वास बसत नाही. कोणी लिहिले, धीर धरा. आमच्याकडे हे सगळे होऊन गेले होते. शेजारी येऊन गेले होते, नातेवाईक येऊन गेले होते, तेरावे झाले, वर्षश्राद्ध दोनदा झाले. एकाच माणसाच्या निधनाची बातमी दुसऱ्यांदा लागल्याचे माझ्या नोकरीत कधी घडले नव्हते.

पत्नीने ठरवले की प्रत्येकाला उत्तर जायला हवे. भेटायला आलेल्या माणसाला चहा न देता पाठवत नाहीत, असे तिचे म्हणणे. तिने सुट्टी घेतली. मुलगी तिला मेल उघडून देई आणि ती एका बोटाने टंकत बसे.

जूनमध्ये कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या दिवशी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती. थोड्या वेळाने तिची बाईंशी पहिली बैठक होती. दुसऱ्या टोकाला पत्नी. तिने मला हाक मारली आणि एक मेल दाखवला. लिहिणारा कुठल्याशा बेटावरचा होता. त्याने लिहिले होते, प्रकल्पाच्या शनिवारच्या ऑनलाइन बैठकीत तो मधेच उठायचा. म्हणायचा, खालच्या भट्टीतून पाव निघाले, आलोच. आम्ही सगळे थांबायचो. मग तो खात खात बोलायचा आणि आम्ही त्याला चिडवायचो. ती भट्टी अजून आहे का?

‘आपल्याकडे भट्टी कुठंय?’ पत्नीने विचारले.

आमच्या गल्लीत भट्टी नाही. जवळपासही नाही.

‘कॅम्पातली,’ मुलगी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. ‘देवळाली कॅम्पात त्याच्या मित्राची खोली होती. शनिवारी तिथं जायचा.’

‘शनिवारी तो क्लासला जायचा.’

‘क्लास त्यानं पहिल्याच महिन्यात सोडला होता, आई.’

‘आणि तिथं का? इथं काय झालं होतं बसायला?’

‘बैठकीत इंग्रजी बोलावं लागतं. आपल्यासमोर बोलायची लाज वाटायची त्याला. म्हणायचा, बाबा चुका काढतील.’

पत्नीने माझ्याकडे पाहिले नाही. मुलीने हेडफोन लावला, कॅमेरा सरळ केला आणि पलीकडून आवाज आल्यावर इंग्रजीत बोलू लागली. तिच्याही चुका होत होत्या. मी प्रुफे घेऊन आतल्या खोलीत गेलो.

त्या माणसाला काय लिहायचे, हे दोन दिवस ठरले नाही. भट्टी आहे असे लिहावे तर खात्री नव्हती. शनिवारी मी बसने कॅम्पात गेलो. बाजाराच्या मागच्या रस्त्याला विचारत गेल्यावर भट्टी सापडली. खाली काळवंडलेले तोंड, वर एक लांबट खोली. खिडकीत कोणा मुलांचे कपडे वाळत होते. भट्टीवाल्याने सांगितले की पाव निघून तास झाला, आता काही उरले नाही, पुढचे संध्याकाळी. मी थोडा वेळ बाकावर बसलो आणि परतीची बस पकडली.

घरी येऊन पत्नीला सांगितले. तिने त्या बेटावरच्या माणसाला लिहिले की भट्टी चालू आहे. त्याचे वडील आज जाऊन आले. त्यांना पोहोचायला उशीर झाला, पाव संपले होते.